चष्मा मी आणते, शब्द तुम्ही द्या

एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांकडे मी साधीच विनंती घेऊन गेले होते. महिन्यातून एखादा तरी प्रयोग कॅप्शनसह, म्हणजे संवाद अक्षरांत दाखवत, करता येईल का? मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पंधरा वर्षं श्रवणयंत्रं वापरते आहे. आठव्या रांगेत बसलं की ती यंत्रं माझ्यापर्यंत आवाज पोचवतात, शब्द पोचवत नाहीत. व्यवस्थापकांनी अगदी आस्थेनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता तर तो प्रश्नच मिटला की मॅडम! बोललेलं डोळ्यांसमोर लिहून दाखवणारे चष्मे आलेत. तुमचा चष्मा घालून या, आमची काही हरकत नाही."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते उत्तर मला जास्त लागलं. वर्षभरात थोड्याफार फरकानं हेच उत्तर मी आणखी दोन ठिकाणी ऐकलं: एकदा एका व्याख्यानाच्या आयोजकांकडून, एकदा एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर. एका चांगल्या वस्तूचं नाव पुढे करून जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकते आहे. हे सरकणं आत्ताच थांबवायला हवं, एकदा रुळलं की ते कुणाला दिसणारही नाही.

माझं भांडण चष्म्याशी मुळीच नाही. मी ते वापरून पाहिले आहेत आणि मला ते हवे आहेत. काचेत बसवलेल्या इवल्याशा पडद्यावरची अक्षरं समोर काही अंतरावर, हवेत तरंगल्यासारखी दिसतात. पुष्कळ चष्म्यांत ती हिरवी असतात, कारण माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो आणि थोड्या विजेतही अक्षर ठळक उठतं. काडीत बसवलेले मायक्रोफोन आवाज टिपतात, फोन किंवा दूरचा सर्व्हर त्याचे शब्द करतो, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याजवळच त्याचं बोलणं उमटतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललेच नाही. नुसती वाचत राहिले.

पण या एका वस्तूत दोन निराळी कामं आहेत. शब्द कुठे दाखवायचे हे एक, आणि शब्द आणायचे कुठून हे दुसरं. पहिलं काम चष्मा उत्तम करतो. दुसरं काम प्रत्येक ठिकाणी चष्म्यावरच टाकायचं का, हा खरा प्रश्न आहे, आणि व्यवस्थापकांच्या उत्तरात नेमका तोच गिळला गेला होता.

आधी दाखवण्याबद्दल, कारण ही वाट फार लांबची आहे. मूकपटांच्या काळात संवाद पडद्यावर लिहून येत. कर्णबधिर प्रेक्षक आणि ऐकू येणारा प्रेक्षक एकच पाटी एकाच वेळी वाचत. १९२७ नंतर बोलपट आले, दोनचार वर्षांत त्या पाट्या गेल्या, आणि जगभरच्या कर्णबधिरांच्या हातून सिनेमा निसटला. एमर्सन रोमेरो नावाचा कर्णबधिर नट मूकपटांत काम करत असे. त्याने १९४७ मध्ये बोलपटांच्या प्रती मिळवून त्यांच्या तुकड्यांमध्ये पुन्हा लिखित पाट्या जोडायला सुरुवात केली. स्वतःच्या हातानं, कुणाच्या मदतीची वाट न बघता. पाटीमुळे चित्र तुटायचं, पण गोष्ट समजायची.

त्यानंतर शब्द डोळ्यांजवळ आणायचे कितीतरी प्रयत्न झाले. १९९०च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत निघाली. चित्रपटगृहाच्या मागच्या भिंतीवर उलटी अक्षरं उजळत आणि प्रेक्षकाच्या खुर्चीला लावलेल्या पारदर्शक पट्टीत ती सुलटी होऊन दिसत. मग पेला ठेवायच्या खाचेत बसणारा, लवचीक दांड्याचा छोटा पडदा आला. २०१२-१३च्या सुमारास सोनीचे कॅप्शन दाखवणारे चष्मे तिथल्या काही चित्रपटगृहांत आले. नाटकांना मात्र बहुधा रंगमंचाच्या कडेला प्रकाशफलक लावतात. ज्यांनी तशा फलकावर नाटक पाहिलं आहे त्यांना मानेचं ते दुखणं ठाऊक असेल. ओळ वाचायला मान वळवावी तर नटाच्या चेहऱ्यावरचा भाव निघून गेलेला, आणि चेहरा धरावा तर ओळ पुसली गेलेली. अडीच तास आपण नाटक आणि त्याची तळटीप यांच्यामध्ये हेलपाटे घालत असतो. चष्म्यानं हे हेलपाटे वाचवले. जिकडे मी पाहते तिकडे ओळ येते. हे फार मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय मी मनापासून देते.

आता शब्द आणण्याचं काम. लंडनच्या नॅशनल थिएटरनं २०१८ मध्ये प्रेक्षकांना कॅप्शनचे चष्मे द्यायला सुरुवात केली. त्या योजनेतली कळीची गोष्ट चष्म्यात नव्हती, चष्म्यामागे होती. संवाद संहितेतून घेऊन आधीच नीट बसवलेले होते. संगणकाचं काम एवढंच होतं की नट आत्ता कोणत्या ओळीवर आहे हे त्याचं बोलणं, प्रकाशयोजनेचे आणि ध्वनीचे इशारे यांवरून ओळखायचं आणि ती ओळ सोडायची. शब्द ठरलेले, फक्त क्षण ओळखायचा. नटानं विराम लांबवला तर ओळही थांबते, आणि विनोदाची शेवटची ओळ तो बोलण्याआधी प्रेक्षकाच्या डोळ्यांत फुटत नाही.

सिनेमात तर काम याहून सोपं आहे. डिजिटल चित्रपटाच्या फाइलींच्या गठ्ठ्यात चित्र आणि ध्वनीसोबत कॅप्शनची फाइलही ठेवता येते. चित्रपटगृहातला सर्व्हर दर क्षणाला वेळ सांगत राहतो आणि उपकरण त्या वेळेची ओळ दाखवतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी हे कसं करायचं याची तांत्रिक मानकंही तयार आहेत. म्हणजे शब्द लिहून ठेवायची सोय आहे, आणि ते चित्राच्या काट्याशी जुळवून पाठवायचीही आहे. प्रेक्षकाच्या स्वतःच्या चष्म्यापर्यंत ते पोचू द्यायचे की नाही, एवढंच उरतं.

असं असताना "तुमचा चष्मा घालून या" याचा अर्थ काय होतो? लिहिलेली संहिता विंगेत पडून आहे, आणि आठव्या रांगेतल्या बाईनं तिच्या काडीतल्या मायक्रोफोननं ती पुन्हा अंदाजानं ओळखायची. पार्श्वसंगीत चालू असताना, नट कुजबुजत असताना, दोघं एकमेकांवर ओरडत असताना, शेजारचा खोकत असताना. आपोआप शब्द ओळखणारी यंत्रणा जवळून, एकेकट्यानं, सरळ बोललेल्या भाषेत चांगली चालते. नाटकात नेमकं याच्या उलट असतं. तिथं बोली असते, पद्य असतं, मुद्दाम मोडलेलं वाक्य असतं. नट 'ळ'चा 'ल' का करतो आहे यात पात्राचं सगळं घराणं दडलेलं असतं. यंत्र तो 'ल' दुरुस्त करून देईल आणि आपण काही तरी चांगलं केलं असं समजेल.

शिवाय कॅप्शन म्हणजे नुसते संवाद नव्हेत. मागच्या खोलीत दार आपटलं, गाणं मध्येच तुटलं, टेलिफोन वाजतो आहे आणि कुणी उचलत नाही, हे सगळं चांगल्या कॅप्शनमध्ये लिहिलेलं असतं. त्यातलं काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला नाटक समजलेला माणूस लागतो. एखाद्या प्रवेशात फक्त घड्याळाची टिकटिक असेल आणि ती थांबणं हाच प्रवेशाचा आशय असेल, तर ते लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिथं शब्द आधीपासून लिहिलेले आहेत, तिथं ते देणं हे दाखवणाऱ्याचं काम. मी माझा चष्मा घेऊन येईन, पण तुमच्या नाटकाचे शब्द माझ्या चष्म्यानं चोरून ऐकावेत ही अपेक्षा ठेवू नका.

रोजच्या आयुष्याचं गणित वेगळं आहे. तिथं संहिता नसतेच. मागून आलेला सहकारी काय म्हणाला, फलाटावर कोणती घोषणा झाली, दवाखान्यात कुणाचं नाव पुकारलं, हे कुणीही आधी लिहून ठेवलेलं नसतं. इथं यंत्राचा अंदाजही सोन्यासारखा आहे. ओठ वाचून भागतं असा ऐकू येणाऱ्यांचा समज असतो. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पान', 'भान' आणि 'मान' म्हणून पाहा. तिन्ही शब्दांत ओठ सारखेच मिटतात. उरलेलं सगळं संदर्भावरून भरून काढायचं असतं, आणि दिवसभर हे भरून काढत बसण्याचा थकवा डोक्याच्या मागच्या बाजूला दगडासारखा बसतो. २०२० मध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा तेही ओठ गेले. त्या काळात मी किती ठिकाणी नुसती "हो, हो" म्हणत मान डोलावली याची मला अजून लाज वाटते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं हेही मला माहीत आहे.

घरात चार माणसं गप्पांना बसली की एक वाक्य हमखास येतं. सगळे हसतात, आपण विचारतो "काय झालं?", आणि उत्तर मिळतं: "काही नाही गं, सोड. नंतर सांगते." ते नंतर कधी येत नाही. येतं तेव्हा गप्पांचा सारांश येतो, आणि सारांशाला कुणी हसत नाही. मला कुणी तोडून बोललं असतं तर मी भांडले असते. पण प्रेमानं म्हटलेल्या "सोड"ला उत्तर काय द्यायचं? कॅप्शनच्या चष्म्याची खरी किंमत मला इथं कळली. बोललेलं फोनच्या पडद्यावर लिहून दाखवणारी गूगलची सोय, लाइव्ह ट्रान्सक्राइब, २०१९ पासून आहे. तिच्यामागे दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः कर्णबधिर असलेले संशोधक होते आणि गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाचंही साहाय्य होतं. माझी कित्येक कामं तिनं सोपी केली. पण फोनमध्ये पाहायचं म्हणजे मान खाली घालायची. आई बोलत असताना आईकडे न बघता काचेकडे बघायचं. चष्मा मला तिचा चेहरा परत देतो.

तरीही त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे ओळखून असावं. माणसांच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी जेमतेम पाव सेकंदाची फट असते. दहा भाषांचा अभ्यास करून निघालेला हा निष्कर्ष आहे. चष्म्यावर शब्द उमटायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो, आणि मग वाचायचंही असतं. म्हणजे माझी पाळी येते तेव्हा ती गेलेली असते. त्यात मराठीसारख्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. "मी उद्या तुझ्याबरोबर तिकडे येणार" एवढं काचेवर उमटतं, माझा चेहरा खुलतो, आणि मग मागून "नाही" येतो. तो एक शब्द गोंगाटात हरवला तर वाक्य उलटंच होतं, आणि काचेवर काही चुकल्याची खूणही नसते. पंचाण्णव टक्के अचूकता ऐकायला भरघोस वाटते. मिनिटाला दीडशे शब्दांनी बोलणाऱ्या माणसाचे त्या हिशेबानं दर मिनिटाला सात-आठ शब्द चुकतात. यंत्र चुकतं तेही 'आणि', 'पण' अशा शब्दांत थोडंच; ते चुकतं माणसांच्या नावात, औषधांच्या नावात, आकड्यात. ज्या शब्दाबद्दल यंत्राला खात्री नाही तो फिकट किंवा वेगळा दाखवावा, ही मागणी अगदी छोटी आहे आणि करण्यासारखी आहे. यंत्राला स्वतःच्या शंकेचा अंदाज असतोच. तो आमच्यापासून लपवू नये.

वस्तूच्या घडणीतही वापरणाऱ्याचा विचार कमी पडतो. माझ्या कानामागे श्रवणयंत्र असतं. तिथंच चष्म्याची काडी यायची असते, आणि या चष्म्याची काडी जाड असते कारण तिच्यात बॅटरी असते. वयानं ऐकू कमी येऊ लागतं त्या वयात चाळिशी आलेली असते, म्हणजे नंबराची काच लागणारच. अक्षरं एका अंतरावर आणि रंगमंच दुसऱ्या अंतरावर असला की डोळा सतत जवळ-दूर करत राहतो. तरुण डोळ्याला ते जमतं, साठीच्या डोळ्याला तासाभरात दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा साहाय्य लागतं, आणि २०५० पर्यंत जवळजवळ अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असेल. त्यांतले फार थोडे पंचविशीचे असतील. मग चाचणीच्या खोलीत साठीची माणसं का दिसत नाहीत?

सतत चालू असलेल्या मायक्रोफोनबद्दल लोक बिचकतात, ते मी समजू शकते. पण त्याच खोलीतले ऐकू येणारे सगळे तेच बोलणं ऐकत असतात आणि कुणी त्यांची परवानगी घेत नाही. ऐकण्याला हरकत नको, साठवण्याला हवी. शब्द शक्यतो उपकरणातच तयार व्हावेत, वाचून झाले की पुसले जावेत, आणि ते कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात असतील तर ते माझ्या समोरच्यालाही कळावं.

दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे एका कंपनीवर, विसंबण्यात दुसराही धोका आहे. अंधांसाठी डोळ्यात बसवायचं आर्गस २ हे रोपण साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं गेलं होतं. पुढे कंपनीनं त्याची साथ सोडली आणि डोळ्यात यंत्र बसवलेली माणसं दुरुस्तीवाचून राहिली. चष्मा काढून ठेवता येतो, डोळा काढून ठेवता येत नाही, हा फरक मोठा आहे. पण ज्याच्यावर मी नोकरी पेलते आहे तो चष्मा एका सकाळी काळी काच होऊन बसला तर माझं काय, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. चष्मा कोणत्याही कंपनीचा असो, शब्द पाठवण्याची भाषा सगळ्यांची एक आणि उघडी असायला हवी.

दूरदर्शन संचाच्या इतिहासात याचं उदाहरण सापडतं. अमेरिकेत १९८० मध्ये 'बंद' कॅप्शन, म्हणजे चालू केल्या तरच पडद्यावर दिसणाऱ्या ओळी, सुरू झाल्या तेव्हा त्या पाहायला वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. ज्याला गरज त्यानं घ्यावी, असा हिशेब होता, आणि पेटी फारशी पसरली नाही. १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३च्या जुलैपासून १३ इंचांपासून पुढच्या प्रत्येक नव्या संचात ती सोय आतच बसवणं बंधनकारक झालं. त्यानंतर कॅप्शन कोण वापरतं? व्यायामशाळेत आवाज बंद करून बातम्या पाहणारे, बाळाला झोपवून सिनेमा पाहणारे, नवी भाषा शिकणारे. आमच्यासाठी बांधलेला रॅम्प सगळ्यांनी वापरला. त्याच अमेरिकेत २०१६च्या नियमानं डिजिटल चित्रपटगृहांवर कॅप्शनची उपकरणं ठेवण्याची सक्ती आहे. किती पडद्यांमागे किती उपकरणं, ती चालू स्थितीत हवीत, ती कशी वापरायची हे जाणणारा कर्मचारी हजर हवा, इथवर ते लिहिलेलं आहे. इतकं बारीक का लिहावं लागलं हे ज्यानं कधी काउंटरवर ताटकळत उभं राहून, ओळखपत्र गहाण ठेवून, निम्म्यात बॅटरी संपलेलं उपकरण घेतलं आहे त्याला सांगावं लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं ३० वं कलम चित्रपट, नाटक आणि सांस्कृतिक जीवन सुलभ स्वरूपात मिळण्याबद्दलच आहे, आणि कराराचं बंधन राज्यांवर आहे. 'ज्यानं त्यानं आपलं उपकरण आणावं' असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्यासारख्या उशिरा बहिऱ्या झालेल्या बाईनं विसरू नये. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते. लिहिलेली मराठी किंवा इंग्रजी त्यांच्यासाठी दुसरी, कष्टानं मिळवलेली भाषा. "चष्मे आले, आता दुभाषी कशाला?" असं कुणी म्हणू लागलं तर ते त्यांच्या तोंडची भाषाच काढून घेणं आहे. डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल बोलत असतील, न्यायालयात साक्ष चालू असेल, परीक्षेत तोंडी सूचना दिल्या जात असतील, तिथं माणूस दुभाषी किंवा बोललेलं लिहून दाखवणारा माणूस हवाच. मिनिटाला सात चुका तिथं परवडत नाहीत. आणि चष्मा एकाच बाजूनं काम करतो हेही लक्षात घ्या. तो समोरच्याचं मला सांगतो. लहानपणापासून बहिऱ्या असलेल्या माणसाचा आवाज मात्र त्याच यंत्राला नीट कळत नाही, कारण असे आवाज त्याला फारसे ऐकवलेच गेलेले नाहीत.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना मी परवा उत्तर लिहिलं. त्यांनी हरकत नाही म्हटल्याबद्दल आभार मानले, चष्मा घेऊन येईन असं कळवलं. आणि खाली तीन गोष्टी मागितल्या: त्या नाटकाच्या संहितेची आत्ताच्या प्रयोगाप्रमाणे दुरुस्त केलेली प्रत, ती ओळीओळीनं सोडायला प्रयोग पाठ असलेला एक माणूस, आणि ज्यांच्याकडे चष्मा नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एका प्रयोगाला रंगमंचावरच दिसणारी अक्षरं. माणूस मिळत नसेल तर पहिल्या प्रयोगाला मी स्वतः येऊन ओळी सोडीन, असंही लिहिलं आहे. फक्त मग नट बोलायला लागला की मला कुणीतरी खांद्याला स्पर्श करून सांगावं लागेल.